रात्रीचा रकाना

अंडी उबवणी केंद्रात मी एकतीस वर्षं नोकरी केली, आणि त्या एकतीस वर्षांत माझ्या यंत्राचा काटा साडेसदतीस अंशांवरून हलला नाही. हलला असेल तर माझ्या रजेच्या दिवशी. पाठीमागे मला सगळे साडेसदतीसबाई म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. अंड्याला दिवस-रात्र कळत नाही. एखादा अंश खाली गेला की पिल्लू उशिरा आणि मरतुकडं निघतं, एखादा वर गेला की निघतच नाही. ओलावा कमी पडला तर कवचाच्या आतला पापुद्रा पिल्लाला चिकटून बसतो, जास्त झाला तर ते आतल्या आत गुदमरतं. म्हणजे मी जन्मभर एकच गोष्ट शिकले: जीव वाढवायचा तर हवा हलू द्यायची नाही.

निवृत्त होणाऱ्याला तिथं भिंतीवरचं घड्याळ देत. मी साहेबांना सांगितलं, घड्याळ नको, माझे थर्मामीटर द्या. त्यातली एक जोडी. एक कोरडा, एक ओला. ओल्याच्या फुग्यावर कापडाची वात आणि वातीचं टोक पाण्याच्या वाटीत. दोघांच्या आकड्यांत किती फरक पडतो त्यावरून हवेत ओलावा किती ते कळतं. तिसरा थर्मामीटर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान दाखवणारा. त्याच्या नळीत दोन बारीक लोखंडी काड्या असतात. पारा त्यांना ढकलत नेतो आणि परत फिरताना तिथंच सोडून येतो. आपण नसताना काय घडलं ते या काड्या सांगतात. माणसांपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा.

हे तिन्ही आता आमच्या मागच्या खोलीत एका काचेच्या पेटीत टांगलेले होते, आणि पेटीत अंडी नव्हती. घटपर्णी होती. उंच डोंगरावरच्या धुक्यात वाढणारी जात. पानाच्या टोकाला दोरीसारखी शेपटी, शेपटीच्या टोकाला झाकणवाला लहानसा घट, घटात पाणी आणि त्या पाण्यात बुडून मेलेले किडे. माश्या खाणारं झाड घरात आलंय म्हटल्यावर आमचे हे पहिले चार दिवस हात खिशात घालून त्या खोलीत जात होते.

झाड माझं नव्हतं, सुनेचं होतं. आता तिला सून म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे. माझ्या मुलाशी तिचं चार वर्षं जमलं आणि मग जमेनासं झालं. भांडणं नाहीत, आरडाओरडा नाही, दोघंही घरात एकमेकांना वाट देत चालायला लागले. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरी घेऊन गेला आणि तिनं इथंच चष्म्याच्या दुकानाजवळ एक खोली घेतली. त्या दुकानात ती लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढते. दोघांनी कागदावर सह्या केल्या. मला कुणी सही मागितली नाही. मागितली असती तर मी केली नसती.

तिची खोली गच्चीच्या खाली, पश्चिमेच्या उन्हात. तिथं पेटी नेली असती तर घटपर्णीचा महिन्याभरात वाळका पाला झाला असता. आमची मागची खोली घरातली सगळ्यात गार. ऊन नाही, समोर शेजारच्या इमारतीची उंच भिंत, आणि एक खिडकी. म्हणून झाड राहिलं, आणि झाडासाठी ती दर रविवारी अकरा वाजता यायची. पेटीत डोकावायची, जुनी पानं कापायची, फिल्टरच्या पाण्यानं फवारा मारायची. मग स्वयंपाकघरात चहा घेताना माझ्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायची, पर्समधल्या बारक्या पेचकसानं त्याचे स्क्रू आवळायची, पुसायची आणि परत माझ्या नाकावर ठेवायची. एक तास, फार तर सव्वा तास. त्या तासासाठी मी शनिवारपासून घर आवरत बसायचे.

मला ती हवी होती. मुलाची बायको म्हणून नव्हे, ती म्हणूनच. हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडात गोड शब्द टिकत नाहीत. आमचे हे म्हणतात, तू बाळाला झोपवतानासुद्धा दम भरायचीस.

थंडी संपत आली होती, तेव्हाच्या एका रविवारी ती पेटीसमोर बराच वेळ उकिडवी बसून राहिली.

"हे काही खरं नाही," ती म्हणाली. "पाच महिने झाले. एक नवा घट नाही."

"येईल गं. पान बघ की किती हिरवंगार आहे."

"पान येतंय. शेपटी येतेय. टोकाला घट फुगायच्या आधीच टोक काळं पडतंय." तिनं एक काळं टोक बोटांनी चुरगाळलं. "डोंगरावरच्या बागेत एक माळीकाका आहेत. त्यांच्याकडे थंड काचघर आहे. महिनाअखेरपर्यंत काही हललं नाही तर त्यांना देऊन टाकते. तुमच्याही मागे दर रविवारी माझी कटकट नको."

"कटकट कसली," मी म्हणाले. पुढचं बोलायला हवं होतं ते गिळलं आणि चहा टाकायला उठले. झाड गेलं की ती कशाला येईल? घटस्फोट झालेली बाई सासूचा चष्मा पुसायला येते असं मी तरी कुठं ऐकलं नव्हतं.

आता मी पाच महिने काय करत होते ते सांगते. ती गेली त्या दिवशी दारात उभी राहून मला म्हणाली होती, "आई, खिडकी तेवढी..." आणि मी तिचं वाक्य तिथंच तोडलं. "मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं हेच केलंय." माझा जीव तेव्हा इतका कासावीस झाला होता की मला रडू तरी आलं असतं नाहीतर राग तरी, आणि मला राग बरा जमतो.

ती गेल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर ती खिडकी लावून घेतली. कडी घातली, फटीत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या. चार वर्षं त्या खिडकीवरून आमची रोजची चकमक होती. झोपायच्या आधी ती जाऊन उघडायची, मी उठून लावायचे, ती परत उघडायची. मी ओरडायचे, "सगळं घर गारठून जातंय, माझे गुडघे आखडतात." ती म्हणायची, "असू दे ना, आई," आणि खोलीचं दार लोटून घ्यायची. का उघडतेस, असं मी विचारलं नाही. मी प्रश्न विचारत नाही, मी सांगते.

मग मी थर्मामीटर टांगले आणि वही घातली. एका जुन्या पुस्तकात तिनंच खूण करून ठेवली होती, दिवसाचं तापमान सव्वीसच्या आत, ओलावा ऐंशी टक्के. पान अर्धंच वाचून मी पुस्तक मिटलं, आकडा मिळाल्यावर पुढे काय वाचायचं? दिवसा सव्वीस आपसूक व्हायचे, पण रात्री पारा पंधरापर्यंत घसरायचा. पहिल्या रात्री ते पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. अकरा अंशांचा फरक! माझ्या केंद्रात असं झालं असतं तर चौकशी बसली असती. मी पेटीत एक लहान दिवा बसवला, पेटीवर जुनी रजई टाकली, दिव्याला तापमानाप्रमाणे चालू-बंद होणारी कळ जोडली. तिसऱ्या दिवशी काटा सव्वीसवर थांबला आणि मग हलला नाही. वहीत चार रकाने: तारीख, सकाळ, रात्र, शेरा. सकाळ सव्वीस, रात्र सव्वीस. शेऱ्याचा रकाना रिकामा. केंद्रात तो रकाना रिकामा असणं हीच आमची फुशारकी होती.

रविवारी ती यायच्या आधी मी दिवा आणि रजई कपाटात लपवायचे, फटीतल्या पट्ट्या काढून खिडकी उघडायचे, थर्मामीटरच्या काड्या परत पाऱ्याशी आणायचे. तिला ते दिसलं असतं तर म्हणाली असती, केवढा त्रास घेताय आई माझ्यापायी, आणि उचललं असतं झाड. तिचा स्वभाव तसाच, दुसऱ्याला तोशीस नको. वहीसुद्धा कपाटातच. तिला दिसायची ती फक्त दिवसाच्या सव्वीसवरची पेटी, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

महिनाअखेरची मुदत ऐकल्यावर मी आणखी जोर लावला. रजईवर दुसरी रजई. वातीचं पाणी दिवसातून दोनदा. झाडाशी बोलूनही पाहिलं. "अगं बये, आणखी काय हवंय तुला?" असं. झाडानं दाद दिली नाही.

आणि नेमकं तेव्हाच धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिचं करणारं दुसरं कुणी नाही. सतरा दिवस जावं लागणार होतं. सुनेला कळवलं, मी नाही, आता महिनाअखेरच्या रविवारीच ये. मी कागदावर सगळं लिहून यांच्या हातात दिलं: वातीला पाणी, रात्री दिवा, रजया दोन, खिडकीला हात लावायचा नाही.

"माझ्याही तापमानाची काळजी घेणारं कुणी आहे का?" हे म्हणाले.

"तुम्ही मागच्या खोलीत सिगारेट ओढलेली मला कळेल," मी म्हणाले. यांनी सहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडली आहे. म्हणजे, तसं घरात जाहीर झालं आहे.

बहिणीच्या घरून रोज संध्याकाळी यांना फोन करायचे. "दिवा लावला?" "लावला." "रजई?" "घातली." "काटा?" "सव्वीस." इतकं सरळ उत्तर हे कधी देत नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एकदा मुलाचाही फोन आला. "ते झाड अजून तिथंच आहे? आई, कशाला ओढून धरतेस तिला?" तो म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे, दमून म्हणाला. मी म्हटलं, "मी काही धरलेलं नाही. झाडाला हवा लागते ती इथं आहे." फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य मला टोचत राहिलं.

सतराव्या दिवशी दुपारी घरी आले. पिशवी दारात ठेवून तशीच मागच्या खोलीत गेले. रजया घडी करून खुर्चीवर, त्यांवर उशी, म्हणजे माणूस मजेत टेकून बसला होता. दिवा बंद. खिडकी सताड उघडी. आणि चौकटीच्या बाहेरच्या बाजूला एका बशीत सिगारेटची अकरा थोटकं.

मी काडी पाहिली. तेरा अंश. सगळ्यात कमी, तेरा.

"अहो!" मी अशी ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

हे दारात येऊन उभे राहिले. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "पहिल्याच दिवशी धूर कोंडला म्हणून खिडकी उघडली. मग म्हटलं, आता उघडलीच आहे. दिवा डोळ्यांवर यायचा. पाणी मात्र घातलं हं रोज. फवारासुद्धा मारला."

"आणि फोनवर सव्वीस म्हणत होता ते?"

"तू विचारायचीस तेव्हा संध्याकाळी सव्वीसच असायचे गं."

मी खुर्चीत बसले, त्यांच्या त्या रजयांवरच. ओरडायला सुद्धा अंगात बळ राहिलं नव्हतं. सतरा रात्री तेरा-चौदा अंशांत. रविवारी ती येणार, मेलेलं झाड बघणार, काही बोलणार नाही, पेटी रिकामी करणार आणि जाणार. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं आणि खरंच रडू आलं. हे घाबरले. मी रडते तेव्हा यांना काय करावं ते समजत नाही, सराव नाही. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि पेटीचं झाकण उगाच पुसायला लागले.

"हे असं असतं का?" ते एकदम म्हणाले. "ही शेपटी सुजलीय."

मी चष्मा सारखा केला. सगळ्यात नव्या पानाच्या शेपटीचं टोक काळं नव्हतं. फिकट हिरवं होतं, वर वळलेलं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं आणि फुगीर. त्याच्या खालच्या पानाचंही तसंच. हात लावायचा धीर झाला नाही.

मी कपाटातून ते जुनं पुस्तक काढलं आणि पाच महिन्यांपूर्वी अर्धं सोडलेलं पान पुढे वाचलं. पुढच्याच ओळीत होतं. डोंगरावरच्या जातींना दिवसा ऊब लागते तशीच रात्री थंडी लागते, दहा-बारा अंशांचा उतार मिळाला नाही तर पानं येतात, घट येत नाहीत. त्या ओळीखाली पेन्सिलनं दोन रेघा मारलेल्या होत्या. तिच्या. समासात तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, "म्हणून खिडकी."

म्हणून खिडकी! चार वर्षं मी तिच्याशी त्या दोन शब्दांवरून भांडले होते. तिनं सांगितलं नाही म्हणावं, तर दारात उभी राहून शेवटी तेच सांगत होती. मी लाज वाटणारी बाई नाही, पण त्या दुपारी वाटली. ओलाव्याचंही मला तेव्हा कळलं. हवा गार झाली की तेवढ्याच पाण्यात ओलावा वाढतो. जे मी वाती बदलून बदलून करत होते ते त्या खिडकीनं फुकट केलं असतं.

महिनाअखेरच्या रविवारला नऊ दिवस होते. मी दिवा काढून टाकला, रजया धुवायला टाकल्या, आणि रोज रात्री स्वतःच्या हातानं ती खिडकी उघडली. गुडघे दुखले, त्यांना भीक घातली नाही. वहीत सकाळ सव्वीस, रात्र चौदा. पहिल्यांदा तो आकडा लिहिताना हात अडखळला, मोठी चूक नोंदवतेय असं वाटत होतं. घट वाढत होता. तांदळाचा शेंगदाणा झाला, शेंगदाण्याचा अंगठा.

मी जिंकले होते. आता ती झाड नेणार नव्हती. पण बसल्या बसल्या माझी नजर झाडाच्या खोडाकडे जायला लागली. एकतीस वर्षं अंडी उजेडासमोर धरून आतलं पाहिलेली नजर ती, बघितल्याशिवाय राहत नाही. खोडावर पानांच्या खुणा होत्या, खालून वर. हात-हातभर मोठी पानं, मग एक बारक्या, खुरटलेल्या पानांचा टप्पा, मग परत थोडी मोठी, मग परत खुरटलेली. चार वर्षं, चार उन्हाळे. उकाड्याच्या महिन्यांत इथं रात्रीही पारा सत्तावीसच्या खाली येत नाही. तेव्हा सून बाटल्यांत बर्फ करून पेटीत ठेवायची, रात्री उठून बदलायची, आणि मी म्हणायचे, सगळा फ्रीज अडवून ठेवलास. तरी दर उन्हाळ्यानंतरची पानं आधीच्यापेक्षा लहानच. वर्षातले आठ महिने झाड सावरत होतं आणि चार महिने मोडत होतं.

बाटल्या मीही बदलल्या असत्या. रात्री दोनदा उठले असते, दहादा उठले असते. पण कुणासाठी? झाडासाठी नव्हे, हे मला पक्कं माहीत होतं. एकतीस वर्षांत मी एकही अंडं स्वतःच्या सोबतीसाठी उबवलं नव्हतं.

रविवारी ती आली. घट बघून तिनं चक्क टाळी वाजवली आणि लगेच संकोचून हात खाली घेतले. घटाचं झाकण नुकतंच उघडलं होतं. आतल्या कडेवर तांबड्या रेघा आल्या होत्या.

"आई, हे कसं केलंत?"

'आई' ती पूर्वीसारखंच म्हणायची. मला दर वेळी वाटायचं, हे शेवटचं.

मी कपाटातून वही काढून तिच्या हातात दिली. दिवाही काढून टेबलावर ठेवला. ती पानं उलटत गेली. बोट रात्रीच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. पाच महिने.

"रात्रीसुद्धा सव्वीस?" ती म्हणाली.

"एक अंश हलू दिला नाही," मी म्हणाले. "तुझं झाड मीच उपाशी ठेवलं. ह्यांनी खिडकी उघडली सिगारेटसाठी, म्हणून वाचलं. तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकलं नाही. चार वर्षं नाही आणि त्या दिवशीही नाही."

स्वयंपाकघरातून हे खाकरले. सिगारेटचा विषय निघाला की त्यांना खोकला येतो.

ती हसेल असं वाटलं होतं. ती वहीच्या पानावर हात फिरवत राहिली. "रोज लिहिलंत," एवढंच म्हणाली. मग वही मिटून म्हणाली, "आता समजलंय ना सगळं. मग राहू दे इथंच. माळीकाकांना मी नाही म्हणून कळवते."

झालं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच मला जन्मात जमलेलं नाही.

"नको," मी म्हणाले. "त्यांना देऊन टाक."

तिनं वर पाहिलं.

"खोड बघ. दर उन्हाळ्यात मोडतंय ते. इथं ते तग धरतं, वाढत नाही. थंड काचघरात घाल त्याला." मी पेटीच्या कडेवर हात ठेवला. "मी त्याला धरून बसले होते कारण ते गेलं की तू यायची नाहीस. खरं हे आहे. झाड जाऊ दे. तू येत जा. झाडाशिवाय ये. काम नसताना ये."

असं मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती उठून माझ्याजवळ आली. मग माझ्या नाकावरचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला. त्यावर पाणी पडलं होतं, तेवढं मला चष्म्याशिवायही दिसलं. परत लावून देत म्हणाली, "बघते."

'बघते' हे ती दुकानात किंमत कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही म्हणते. मी जास्त आशा ठेवली नाही.

माळीकाका आठवड्यानं छोटा टेम्पो घेऊन आले. अबोल माणूस. ओलं गोणपाट गुंडाळून पेटी उचलली, मला विचारलं, "रात्री किती होतं?" मी म्हटलं, "चौदा." ते मान हलवून म्हणाले, "चांगलं सांभाळलंय." मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. एका महिन्यात एकदा कबुली पुष्कळ झाली.

टेबल रिकामं झालं. थर्मामीटर मी काढले नाहीत, खिळ्याला नुसते टांगलेले राहिले. यांनी विचारलं, "आता खिडकी लावू का?" मी म्हटलं, "राहू द्या. तुमची सोय होईल." वातीला पाणी घालत राहिले, वही लिहीत राहिले. सवय मोडत नव्हती, दुसरं काय.

पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचाही. अकरा वाजता मी दाराकडे बघायचे नाही असं ठरवून स्वयंपाकघरात बसायचे आणि साडेअकराला भांडी आपटायला लागायचे. हे त्यांचा चहा स्वतः करून घ्यायचे. माणूस 'बघतो' म्हणाला की त्याचा अर्थ नाही असाच असतो, हे मी स्वतःला रोज समजावलं.

तिसऱ्या रविवारी बहिणीला बघून यायचं होतं. मी सकाळीच निघाले आणि दुपारी दोनला परत आले. हे दारातच म्हणाले, "आली होती. तासभर बसली."

"आणि मला फोन नाही केलात?"

"ती म्हणाली, कशाला धावपळ करायला लावता त्यांना. मागच्या खोलीत बसली होती. मी चहा दिला."

"काय म्हणाली?"

"काही नाही. माझा चष्मा पुसून दिला."

मी पिशवी न ठेवता मागच्या खोलीत गेले. टेबल रिकामंच. बशीतली थोटकं गायब, म्हणजे तिनं टाकून दिली होती. वातीच्या वाटीत काठोकाठ पाणी. वही उघडी होती आणि त्यावर पेन. त्या दिवसाची तारीख मी घातलीच नव्हती, ती तिनं घातली होती. सकाळ पंचवीस. रात्र, काडी बघून, सोळा. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं मी इतक्या महिन्यांत एक अक्षर लिहिलं नव्हतं, तिथं तिच्या गोल अक्षरात होतं:

"आले होते. पुढच्या रविवारी घरी असा. आई, खिडकी तेवढी उघडी ठेवा."

मी खिडकीकडे पाहिलं. उघडीच होती.